जरा जास्तच माणसाळलोय आपण

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई ४४ वर्षांच्या आहेत. काम हिशेब तपासण्याचं, गेली काही वर्षं घरूनच, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर. घरी नवरा, पंधरा वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. आठ महिन्यांपूर्वी नातेवाइकांसोबत सहलीला गेल्या असताना रात्री तळ्याकाठी अचानक पाऊस कोसळला. सगळे आत पळाले, या बाहेरच राहिल्या. चपला काढून चिखलात उभ्या राहिल्या आणि पोटातून ओरडल्या. ‘तो आवाज माझा आहे हे मला जरा वेळाने कळलं,’ असं त्या लिहितात. मुलीने त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले, त्याही हसल्या, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडल्या. तेव्हापासून घर, काम, बोलणं, सगळंच खोटं वाटतंय. नोकरी सोडून डोंगरात जमिनीचा तुकडा घ्यावा आणि तिथेच राहावं, असं मनात घोळतंय. ‘आतलं रान जागं करणारं’ आठवडाभराचं एक निवासी शिबिरही त्यांनी हेरून ठेवलंय. नवरा म्हणतो, वयाचं खूळ आहे, जाईल. त्यांचा प्रश्न असा: पावसात ओरडणारी ती बाई खरी, की हिशेब जुळवणारी मी खरी? ती खरी असेल तर तिच्यासाठी हे सगळं सोडायला हवं का? आणि पुन्हा पावसात गेले तर घरचे पुन्हा हसतील, त्याचं काय करू?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तळ्याकाठच्या पावसासाठी. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण एक शब्द सारखा डोळ्यांत खुपत होता: ‘परवानगी’. पाच वेळा आलाय. कामावरून रजेची परवानगी. शिबिराला जायला नवऱ्याची परवानगी. संध्याकाळी फिरायला निघण्याआधी सासूबाईंना विचारणं (तिथे तुम्हीच कंसात ‘परवानगीच म्हणा ना’ असं लिहिलंय). व्हिडिओ टाकताना मुलीने न घेतलेली परवानगी. आणि शेवटी, ‘स्वतःलाही परवानगी देता येत नाही’. ‘रान’ हा शब्द याच्या निम्म्यानेही आलेला नाही. म्हणून डोंगर, जमीन, शिबिर या सगळ्याकडे मी जरा सावकाश येते.

आधी ते ‘खरी कोण’. हा प्रश्न मला मुळातच पटलेला नाही. उशीवर पसरलेली मांजर मध्यरात्री पडद्यामागच्या पालीवर झेपावते आणि काम झालं की त्याच उशीवर येऊन झोपते. तिच्यातली खरी कोणती, हे तिला कुणी विचारत नाही आणि तीही त्या विचाराने जागी राहत नाही. तुम्ही लिहिलंय की एक आकडा जुळला नाही तर तासन्‌तास त्याच्या मागे असता, जेवायला हाक मारलेली ऐकू येत नाही. माग काढणं, दबा धरणं, सापडेपर्यंत न सोडणं. मला तर त्यात चांगलं धष्टपुष्ट जनावर दिसतं. त्यात खोटं काही नाही. खटकतं ते एवढंच की त्या जनावराला कित्येक वर्षं एकाच खोलीत, हातभर अंतरावरच्या उजेडाकडे बघत बसवून ठेवलंय.

जनावर माणसांना सरावलं की आपण म्हणतो, ते माणसाळलं. शब्द नीट ऐकून बघा. माणसाच्या जवळ येणं म्हणजे हाकेला ओ देणं, दाव्याला हिसका न देणं, दिलेल्या वेळी दिलेलं खाणं. मग माणूसच माणसाळला तर त्याला काय म्हणायचं? त्यासाठी वेगळा शब्द आपण केलेलाच नाही, कारण ते गृहीत धरलंय. उलट बाजूला मात्र दोन शब्द आहेत आणि त्यांची कायम गल्लत होते. ‘रानटी’ ही शिवी आहे: दुसऱ्याला ओरबाडणारा, कशाची चाड नसलेला. ‘रानवट’मध्ये शिवी नाही. रानवट फुलाला उग्र वास असतो, रानवट फळ तुरट लागतं, त्याला कुणी खतपाणी घातलेलं नसतं आणि तरी ते वेळेवर येतं. तुमची भीती रानटी होण्याची आहे, ओढ रानवटपणाची आहे. त्या रात्री घरचे हसले आणि तुम्ही लाजलात, तेव्हा दोघांनीही हे दोन शब्द एकच धरले होते.

तुम्हाला त्या रात्री काहीतरी ‘अलौकिक’ झाल्यासारखं वाटलं. मला ते फार लौकिक वाटतं, आणि ही चांगली बातमी आहे, कारण लौकिक गोष्ट पुन्हा घडवून आणता येते. माणूस या जातीचं वय सुमारे ३ लाख वर्षं धरतात. त्यातली शेवटची दहा-बारा हजार वर्षं शेतीची, आणि विजेच्या दिव्याखाली जागायला लागून तर दीडशे वर्षंही नीट झालेली नाहीत. शरीर जुनंच आहे, त्याला नवीन पत्ता दिलाय इतकंच. २०१३ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये एक छोटा प्रयोग झाला. आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवलं. विजेचा दिवा नाही, बॅटरीही नाही, फक्त ऊन आणि शेकोटी. एरवी त्यांचं शरीर रात्री ज्या वेळी झोपेची तयारी सुरू करायचं, त्यापेक्षा ते सुमारे दोन तास आधी करू लागलं. एका आठवड्यात. रानाने त्यांना काही शिकवलं नव्हतं. त्यांना ते येतच होतं.

नाकाचंही तसंच. माणसाचं नाक निकामी झालंय असं आपण सहज म्हणून टाकतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३२ माणसांचे डोळे-कान बांधून त्यांना गवतावर रांगायला लावलं आणि चॉकलेटच्या वासाची दहा मीटर लांब रेघ नाकाने शोधत जायला सांगितलं. जवळजवळ दोन तृतीयांश माणसांना ती जमली. त्यांच्यापैकी काहींना सराव दिल्यावर ती आणखी भरभर जमू लागली. चांगली शिकली-सवरलेली माणसं कुत्र्यासारखी नाक जमिनीला लावून नागमोडी रांगताहेत, हे चित्र मला फार धीर देतं. आणि त्या रात्री तुम्ही ज्याचा एवढा उल्लेख केलाय तो ओल्या मातीचा वास? त्यातला बराचसा जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, ते मातीतले जिवाणू तयार करतात. एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचे काही अब्जांश एवढंच ते असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. एवढं तल्लख इंद्रिय घेऊन आपण दिवसभर बंद खिडकीच्या खोलीत बसतो आणि संध्याकाळी म्हणतो, आत काहीतरी मेलंय.

थोडं विषयांतर होईल, पण राहवत नाही. ‘आतलं रान’ ही तुम्हाला कविकल्पना वाटत असेल तर २०१६ साली मांडलेला एक अंदाज ऐका: प्रौढ माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी असतात आणि जिवाणू ३८ लाख कोटी. तुमच्या खुर्चीत बसलेल्यांत तुम्ही अल्पसंख्य आहात.

आता तुमच्या डोंगराकडे. पत्रात एक वाक्य आहे: ‘तिथे मी कुणाला बांधील नसेन, पाखरासारखी मोकळी असेन.’ इथे मात्र तुम्हाला थांबवायला हवं. पाखरू मोकळं असतं हे कुणी सांगितलं? आर्क्टिक टर्न नावाचा पक्षी दरवर्षी उत्तर ध्रुवाकडून दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येतो. जगात इतका लांबचा प्रवास करणारं दुसरं पाखरू नाही, आणि अंडी घालायला तो बहुधा आपल्या जुन्याच वसाहतीत परततो. सॅमन मासे समुद्रात वर्षं काढून जन्माच्या नदीत उलटे पोहत येतात. वाघ आपल्या हद्दीच्या खुणा पुन्हा पुन्हा करत फिरतो, चुकवून चालत नाही. रानातल्या जिवाइतका बांधलेला जीव दुसरा नाही. तो पाण्याला बांधलेला, ऋतूला बांधलेला, पिल्लांना बांधलेला. फरक एकच आहे: तो कुणाची परवानगी मागत नाही. तुमच्या पत्रात मला सुटण्याची इच्छा दिसते, पण तळाशी वेगळंच काही आहे असं वाटतं. आपण बांधलेले असायला तुमची ना नाही. कुणीतरी दुसऱ्यानेच दाव्याचं टोक धरलंय, त्याचा तुम्हाला जाच होतोय.

मग जमीन घ्यायची की नाही? घेऊ नका असं मी म्हणणार नाही. काही माणसांना ते जमतं आणि शोभतंही. पण आत्ता, या मनःस्थितीत, विकत तर मुळीच घेऊ नका. त्या भागात एक खोली भाड्याने घेऊन महिनाभर राहून बघा, आणि तेही तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत. पाणी कुठून येतं, रात्री ताप चढला तर कुणाला उठवायचं, साप घरात आला तर कोण धरतं, याची उत्तरं तिथल्या लोकांकडून घ्या. महिन्याच्या शेवटीही ओढ तेवढीच असेल तर पुढचं बोलू. आणखी एक गोष्ट, जी जमीन विकणारे सांगत नाहीत: निसर्गात राहायला म्हणून बांधलेलं प्रत्येक घर निसर्गातला तेवढा तुकडा खातं. कुंपण आलं की जनावरांची वाट मोडते, रात्री अंगणात दिवा लागला की किडे त्याच्याभोवती फिरून मरतात. रानावर प्रेम करणाऱ्यांनी रानाच्या काठावर एवढी गर्दी केली आहे की कधी कधी गावात राहून त्याच्यावर प्रेम करणं हेच त्याच्यावर उपकार ठरतील. सासूबाई, मुलीची शाळा, तुमचा पगार यांबद्दल मी बोलत नाही. ते हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा पक्के मांडाल.

शिबिरांबद्दल माझं मत कडू आहे, ते बाजूला ठेवून सांगायचा प्रयत्न करते. आठवडाभर स्वयंपाक न करता, फोन न घेता झाडांखाली झोपणं यात वाईट काहीच नाही. तेवढ्यासाठी जायचं असेल तर जा. फक्त नाव नोंदवण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारा. दिवसातला किती वेळ एकटीने, काही न करता घालवायला मिळतो? जो शिकवणार आहे त्याला तिथल्या दहा झाडांची आणि दहा पक्ष्यांची नावं येतात का? एखादी गोष्ट करायची किंवा सांगायची नसेल तर ‘नाही’ म्हटलेलं चालतं का? या शेवटच्या प्रश्नावर उत्तर देणारा अडखळला तर पैसे भरू नका. ज्या ठिकाणी ओरडायची वेळ वेळापत्रकात छापलेली असते तिथे तुम्ही पुन्हा कुणाच्या तरी परवानगीनेच ओरडणार आहात.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं? एक जागा धरली असती. मोठी नको. घरापासून पाच मिनिटांवर, एका नजरेत मावेल एवढी: दोन झाडं, पडीक कोपरा, ओढ्याचा काठ, मैदानाची कड, काहीही. सुंदर नसली तर बरंच. तिथे रोज, नाहीतर आठवड्यातून चारदा, एकाच वेळी जाऊन वीस मिनिटं बसायचं. फोन घरी. पुस्तक नाही, ध्यान नाही, श्वास मोजणं नाही. फक्त बसायचं आणि बघायचं. पहिली दहा मिनिटं वाया जातात, ती जाऊ द्या. मन आपलं उणंदुणं काढत असतं, आणि तुमच्या येण्याने दचकलेली पाखरंही तोवर गप्प असतात. मग तुम्ही तिथलेच एक ओंडका झालात की मागे थांबलेलं सगळं हळूहळू सुरू होतं. ते सुरू होणं एकदा अनुभवलंत की परत जाण्यासाठी निश्चय वगैरे करावा लागत नाही.

हे मी स्वतः केलंय, त्यामुळे पोकळ आश्वासन देत नाही. माझी जागा म्हणजे इमारतीच्या मागची एक भिंत, तिच्यापुढे रिकामं पिंप आणि एक खुरटं झाड. पहिल्या तीन आठवड्यांच्या वहीत ‘आज काही नाही’ असं अकरा वेळा लिहिलंय आणि चार वेळा नुसतं ‘डास’. मग एके दिवशी लक्षात आलं की शेवाळ भिंतीच्या एकाच पट्ट्यावर आहे, वरून खाली. पाइप गळत होता. जबाबदार रहिवासी म्हणून मी तो दुरुस्त करवून घेतला. महिन्याभरात शेवाळ तपकिरी होऊन कुरकुरीत झालं आणि मला चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. पावसाळ्याच्या पहिल्याच सरीला ते तासाभरात हिरवं झालं. शेवाळाच्या बऱ्याच जाती अशा पूर्ण सुकून पडून राहतात आणि पाणी मिळालं की पुन्हा चालू होतात, हे मी नंतर वाचलं. पण आधी बघितलं होतं, त्यामुळे ते माझं झालं होतं.

बघताना नावांच्या मागे लागू नका, निदान सुरुवातीला. ‘कान फाटलेली खार’, ‘उशिरा येणारा कावळा’ अशी आपली नावं ठेवा, खरी नावं सावकाश शोधा. कावळ्यांशी मात्र जपून. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात २००६ साली काही संशोधकांनी गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. पुढे कितीतरी वर्षं तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे त्याच्यावर ओरडत राहिले, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही ओरडायला लागले. म्हणजे तुम्ही जागा बघत असता तेव्हा जागाही तुम्हाला बघत असते. मला तर यात फार मोठा दिलासा वाटतो. घरात तुम्हाला बघणारं कुणी उरलं नाही असं पत्रात लिहिलंय ना?

आणि तिथे जे दिसेल ते गोड असेलच असं नाही. कावळा दुसऱ्याचं पिल्लू उचलून नेताना दिसेल. जिवंत सुरवंटाच्या अंगात गांधीलमाशीच्या जातीतल्या किड्याची अळी वाढताना दिसेल. तिथून उठून येऊ नका. निसर्ग म्हणजे मन शांत करायची गोळी, असं मानून गेलात तर दोन आठवड्यांत त्याच्यावरही रुसाल.

एक हिशेबही देते, तुम्हाला आवडेल. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आज किती वाजता उगवला ते बघून ठेवा, उद्याचा अंदाज बांधा, आणि बाहेर जाऊन ताळा करा. अंदाज दर वेळी थोडा चुकेल. का चुकला ते शोधण्यात महिना जाईल. डोंगर लागत नाही त्याला, गच्चीही पुरते.

किती वेळ द्यायचा, असं वाचक नेहमी विचारतात. २०१९ साली इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. दोन तास एकदम की तुकड्या-तुकड्याने, याने फरक पडत नव्हता. अर्थात जे मुळात बरे असतात तेच जास्त बाहेर पडत असतील, हेही शक्य आहे, तेव्हा या आकड्याची पोथी करू नका. मला स्वतःला २०१५ सालचा एक प्रयोग जास्त जवळचा वाटतो. ३८ माणसं, त्यातली अर्धी हिरवळीतून दीड तास चालली, अर्धी रहदारीच्या रस्त्याने. हिरवळीतून आलेल्यांचं तेच-तेच मनात घोळवणं कमी झालेलं होतं, रस्त्याने आलेल्यांचं नव्हतं. मनाच्या या रवंथातून तुम्हाला सुटायचं आहे असं पत्र म्हणतं. मग त्याला दुसरा चारा द्या.

वीस मिनिटं कुठून आणायची, हा खरा पेच आहे आणि इथे पुन्हा तो शब्द येतो. विचारू नका, सांगा. ‘जाऊ का जरा?’ आणि ‘मी साडेसहाला बाहेर चाललेय, सातला येईन, तोवर आईंजवळ तुम्ही बसा’ या दोन वाक्यांत डोंगर आणि घर यांच्यातलं निम्मं अंतर आहे. पहिल्या आठवड्यात घशाशी अडखळेल. समोरून ‘आजच जायला हवं का?’ असं येईल. ‘हो’ एवढंच उत्तर द्या, कारणं जोडू नका. कारण दिलं की ते तपासायचा हक्क समोरच्याला मिळतो, हे हिशेब तपासणाऱ्या बाईला मी काय सांगू! त्या रात्री तळ्याकाठी जो आवाज निघाला त्यात वीस वर्षांची किती ‘नाही’ अडकली होती, हे मला ठाऊक नाही, पण थोडी तरी होती अशी माझी खात्री आहे. ती एकेक करून, साध्या आवाजात, जेवणाच्या टेबलाशी बाहेर आली तरी चालतील.

नवरा ‘खूळ’ म्हणतो त्याचा राग धरू नका, निदान आधी नीट ऐकून घ्या. बायको एका रात्री अनोळखी आवाजात ओरडली आणि तेव्हापासून जमिनींच्या जाहिराती बघतेय, तर माणूस घाबरणारच. काहींची भीती चेष्टेच्या रूपाने बाहेर येते. त्याला पटवायच्या मागेही लागू नका आणि त्या जागेवर सोबतही नेऊ नका. मुलीशी मात्र बोला. ‘तो व्हिडिओ मला लागला, ग्रुपवरून काढून टाक’ असं स्पष्ट. पंधराव्या वर्षी तिने ते चेष्टेने केलं असेल, पण आपली आई अशीही आहे हे बघून ती आतून हलली असेल, हीही शक्यता धरून ठेवा.

आणि सासूबाई. तुमच्या पत्रात त्या फक्त ओझं म्हणून येतात, ते समजू शकते. पण त्या घरातलं सगळ्यात जास्त डांबलेलं जनावर त्या आहेत. १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक गाजलेला अभ्यास आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना वेदना शमवणारी जोरदार औषधं कमी लागली. सासूबाईंचा पलंग खिडकीकडे फिरवता येतो का बघा. खिडकीत झाड नसेल तर कुंडी, तीही नसेल तर नुसतं आभाळ आणि कधी पाण्याने भरलेली पसरट थाळी, पाखरं येतात. ज्या वाचकांना स्वतःला घराबाहेर पडणं शक्य नाही त्यांनीही हेच करावं. तुमची वीस मिनिटं संपवून आलात की त्यांना सांगा काय दिसलं. ऐकतील की नाही, बघा तरी.

एक गोष्ट जरा अवघड आहे. तुम्ही ओझरतं लिहिलंय की झोप तुटते, रात्री घाम येतो, बारीकसारीक गोष्टींवरून भडका उडतो. चाळिशीच्या मध्यावर पाळी जाण्याआधीच्या बदलांत हे सगळं होतं. डॉक्टरांना दाखवा, त्यावर उपाय आहेत. याचा अर्थ नवरा बरोबर होता असा नाही. शरीरात बदल होताहेत आणि आयुष्य कोंदट झालंय, ही दोन्ही खरी असू शकतात, आणि शरीर बदलतं तेव्हा कोंदटपणा सहन करायची ताकद कमी होते एवढंच. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर ओढा, चंद्र, शेवाळ सगळं थोडं थांबू दे. त्याच दिवशी कुणाशी तरी बोला आणि डॉक्टर गाठा.

उरला तुमचा शेवटचा प्रश्न. पुन्हा पावसात जा की. फक्त विजा चमकत असताना नको, आणि उघड्यावर किंवा पाण्याकाठी तर मुळीच नको. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचेल एवढी जवळ आहे, त्या वेळी रानातली जनावरंसुद्धा आडोसा बघतात. नुसती सर असेल तर चपला काढा आणि जा. घरचे हसतील, कदाचित तुम्हालाही हसू येईल, आणि या वेळी ते खरं असेल. निघताना टॉवेल दाराशी ठेवून जा. आत आल्यावर फरशी ओली होईलच, पण ती दर वेळी तुम्हीच पुसायला हवी असं कुठे आहे?